नाव ‘१२२१’, गाडी डिलाइट

समजा एखाद्याने आपलं ऑनलाइन नाव ‘फियाट१२२१’ ठेवलं, आणि फोटोत उभी आहे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली डिलाइट. कुणीतरी विचारणारच, "साहेब, इंजिन इटलीहून आणवलंत का?" टोमणा वाटतो, पण प्रश्न रास्त आहे. इटलीत १९६२ साली आलेल्या फियाट ११०० डी चं इंजिन १२२१ सीसीचं होतं. आपल्याकडे तीच बॉडी डिलाइट म्हणून आली, पण खाली इंजिन मात्र आधीचंच १०८९ सीसीचं राहिलं, आणि पुढे पद्मिनीतही तेच गेलं. नाव ठेवणाऱ्याने इटालियन गाडीचा तक्ता पाहिला, आकडा उचलला आणि चिकटवला.

यात हसण्यापलीकडेही एक भानगड आहे. जुन्या गाडीवाल्यांत माणसाचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, टोपणनाव राहतं. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांमधली पातळ चकती, शोधत असल्याचं तुम्ही लिहिलं की परगावचा पार्टवाला तुमच्या नावातला आकडा वाचतो. १२२१ च्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७२ मिलिमीटर, १०८९ चा ६८. गॅस्केट आली आणि नीट न पाहता बसवली, तर प्रत्येक सिलिंडरच्या कडेला भोवताली दोन मिलिमीटरची उघडी फट राहते. तिथे कार्बन साचतो, कॉम्प्रेशन उतरतं आणि दोष येतो कार्ब्युरेटरवर. म्हणून या मंडळींमध्ये नाव ठेवण्याचा एक न लिहिलेला दंडक आहे : नावात जो आकडा घालाल त्याला जाब देता आला पाहिजे.

सीसीचा आकडा घेणारे सगळ्यांत जास्त, त्यामुळे आधी तोच. हा आकडा कुठून वाचायचा नसतो, काढायचा असतो. बोअर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, स्ट्रोकने, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेच्या लांबीने, गुणा, ०.७८५४ ने गुणा, मग सिलिंडरच्या संख्येने. फियाटचा बोअर ६.८, स्ट्रोक ७.५. वर्ग ४६.२४, गुणिले ७.५ म्हणजे ३४६.८, गुणिले ०.७८५४ म्हणजे साधारण २७२.४, आणि चार सिलिंडरांचे झाले १०८९. ॲम्बॅसडरचा बोअर ७३.०२५ आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, त्याचे १४८९ येतात. आकडे असे वाकडे का, तर ते इंचांतून आलेत : स्ट्रोक नेमका साडेतीन इंच.

आता गंमत अशी की हे झालं कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचं. पन्नास वर्षांत ब्लॉक दोनदा तरी बोअर झालेला, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून मोठे केलेले, असतात. फियाटचा बोअर एक मिलिमीटरने वाढवून ६९ केला, तर तेच इंजिन ११२२ सीसीच्या आसपास जातं. म्हणजे ‘१०८९’ नाव घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या ब्लॉकमध्ये आज १०८९ नाहीत. तरी या नावाला कुणी हरकत घेत नाही, आणि घेऊ नये. नावातला आकडा मूळ इंजिनाचा, ओव्हरसाइझचा नव्हे, एवढं सगळे मानतात. हरकत येते ती वेगळ्या ठिकाणी. ॲम्बॅसडरच्या बॉनेटखाली मॅटाडोरचं डिझेल इंजिन धडधडतंय आणि मालक ‘बी-सीरीज१४८९’ (बी-सीरीज हे त्या १४८९ इंजिनाचं घराणं), हे मात्र चालत नाही. तसंच अगदी सुरुवातीच्या, पन्नाशीच्या दशकातल्या ॲम्बॅसडरचं. तिच्यात आधीच्या लँडमास्टर गाडीचंच १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये) इंजिन होतं, १४८९ चं ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये) इंजिन नंतर आलं. अशी गाडी खरोखर तुमच्याकडे असेल, तर ‘१४७६’ हे नाव १४८९ पेक्षा कितीतरी भारी. ज्याला कळतं तो तिथेच थांबतो.

जीपवाले सीसी घेत नाहीत, घन इंच घेतात. विलिसचं इंजिन १३४ घन इंचांचं : बोअर सव्वातीनला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, म्हणजे ३.१२५ इंच, आणि स्ट्रोक ४.३७५. सीसीमध्ये तेच सुमारे २१९९. पण नुसतं ‘१३४’ अर्धवट आहे, कारण १३४ दोन आहेत. एल-१३४ मध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे साइड व्हॉल्व्ह. हेच ते ‘गो डेव्हिल’. एफ-१३४ मध्ये इनलेट वर हेडमध्ये गेला आणि एक्झॉस्ट खाली राहिला, ते ‘हरिकेन’. हेड उंच झालं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं, आणि त्यातून सीजे-३बी चा तो हनुवटीपासून कपाळापर्यंत ताणलेला चेहरा आला. आपल्याकडे तिला हाय बॉनेट म्हणतात, आधीच्यांना लो बॉनेट. तेव्हा लो बॉनेट जीपच्या फोटोखाली ‘हरिकेन’ नाव दिसलं की जाणकार पहिली मागणी करतो : बॉनेट उघडून फोटो टाका.

सालाचं नाव सोपं वाटतं आणि त्यातच सगळ्यांत जास्त फसगत होते. ‘डिलाइट६४’, ‘हेरल्ड६३’, ‘जीप५२’. हे साल कशाचं? आरसी बुकात पहिल्या नोंदणीची तारीख असते, ती गाडी बनल्याची नसते. नोव्हेंबरात कारखान्यातून निघालेली गाडी डीलरकडे पडून राहून फेब्रुवारीत नोंदली जाणं त्या काळी नित्याचं होतं. दुसऱ्या राज्यातून आलेली, लिलावात घेतलेली, सैन्याच्या डिस्पोजलमधून आलेली गाडी असेल तर नोंदणीचं साल आणि बनल्याचं साल यांत दहा वर्षांचाही फरक पडू शकतो. परदेशी गाड्यांत आणखी एक गुंता : फोक्सवॅगनने १९५५ पासून मॉडेल वर्ष ऑगस्टपासून मोजायला सुरुवात केली, म्हणजे सप्टेंबर १९५६ मध्ये बनलेली बीटल ही ‘५७’ ची. अमेरिकी गाड्यांचंही मॉडेल वर्ष आधल्या वर्षीच्या शरदात सुरू व्हायचं.

म्हणून साल नावात घ्यायचं असेल तर आधी चेसिस नंबर वाचा आणि त्या मॉडेलच्या नंबरांच्या यादीशी ताडून पहा. वाचणं ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात नंबरावर ग्रीस, त्यावर धूळ, त्यावर दोन-तीन रंग आणि कधी लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, थरही असतो.

रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं त्या जागेवर पंधरा मिनिटं दाबून ठेवा. मग जुन्या टूथब्रशने घासा. रंगाचा थर असेल तर थिनर कापसाच्या बोळ्यावर घेऊन थोडा थोडा लावा. पत्र्याच्या पट्टीने खरवडू नका. लांबी थिनरला दाद देत नाही, तिथे लाकडाची चपटी काडी आणि सबुरी. जागा कोरडी झाली की पांढरा खडू आडवा धरून फिरवा आणि वरचा खडू कोरड्या बोटाने पुसा, खोलगट आकड्यांत तो राहतो. मग बॅटरीचा उजेड समोरून न टाकता अगदी बाजूने, पत्र्याला घासून जाईल असा टाका आणि फोटो काढा. शेवटी पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवा आणि २बी किंवा ४बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. आरटीओत पेन्सिल ट्रेस मागतात तो हाच. तीन ट्रेस घ्या, कारण ३ आणि ८, १ आणि ७ एका ट्रेसमध्ये हमखास दगा देतात.

ग्राइंडर आणि वायर व्हील मात्र चुकूनही नको. ठशाची खोली मिलिमीटरच्या एका अंशाएवढी असते. चकचकीत घासलेल्या जागेवर पुसट नंबर दिसला की तपासणी करणाऱ्याच्या मनात पहिली शंका छेडछाडीची येते, आणि ती नंतर कागदोपत्री निस्तरायला वर्ष जातं. एका टोपणनावापायी एवढं महाग पडायला नको.

इंजिन नंबर वेगळा पहा. विलिसच्या इंजिनावर तो ब्लॉकच्या पुढच्या उजव्या बाजूला, वॉटर पंपाच्या मागच्या उंचवट्यावर असतो. हा नंबर आणि आरसीतला नंबर जुळत नसेल, तर नावातल्या सालापेक्षा ते आधी सोडवा.

सालाच्या धाकट्या भावाचं नाव ‘मार्क’, म्हणजे मॉडेलची आवृत्ती. ॲम्बॅसडरवाल्यांत मार्क १, मार्क २, मार्क ३ अशी नावं भरपूर. ‘मार्क १’ हे नाव मागाहून पडलं. मार्क २ आल्यावर आधीच्या गाडीला काहीतरी म्हणणं भाग होतं. आणि नुसती पुढची जाळी पाहून मार्क ठरवू नका. ठोकर लागली की गॅरेजवाला हाताशी असेल ती जाळी बसवायचा. मार्क २ ची बॉडी, मार्क ३ चं तोंड आणि आत मार्क ४ चा डॅशबोर्ड अशा गाड्या पैशाला पासरी आहेत. अशा गाडीच्या एका मालकाने ‘मार्क साडेतीन’ नाव घेतलं तर मी त्याला शंभरपैकी शंभर देईन.

कारखान्याच्या संकेतांकावरून नाव घेणं हा सगळ्यांत मानाचा प्रकार, कारण ते जाहिरातीत नसतात. मर्सिडीजवाले डब्ल्यू११३, डब्ल्यू१२३ म्हणतात, बीएमडब्ल्यूवाले ई९, ई३०. मारुती ८०० चं पहिलं रूप एसएस८०. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी ग्राहकाच्या हातात गेली. आज चाळिशी ओलांडल्यामुळे एसएस८० वाल्यांनाही आता जुन्या गाडीवाल्यांच्या पंगतीत पाट मिळू लागलाय. ‘११८एनई’ हे आणखी एक. ज्याला ती गाडी आठवते त्याला त्या तीन आकडे-दोन अक्षरांत फियाट १२४ ची बॉडी आणि निसानचं इंजिन दोन्ही दिसतात.

पण संकेतांकांना काळाची बाधा होते. बीएमडब्ल्यू २००२ टर्बोचा अंतर्गत संकेत ई२०. २०२३ पासून आपल्या पंपांवर ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या गाडीवाल्यांना ते ऐकलं की रबरी होज आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आठवून घाम फुटतो. ‘ई२०’ नाव घेऊन या मंडळींत शिरणं म्हणजे मांजराने उंदरांच्या सभेत जाण्यासारखं आहे. तसंच ‘९०१’. पोर्शेने ९११ आधी ९०१ म्हणून दाखवली, पण मधे शून्य असलेल्या तीन आकड्यांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि १९६४ मध्ये नाव बदललं. ९०१ या नावाने बनलेल्या गाड्या अगदी मोजक्या. ९०१ नाव घेतलंत तर लोक तुमच्याकडे श्रीमंत म्हणून तरी पाहतील किंवा थापाड्या म्हणून.

जीपच्या संकेतांकांत जितकी खोटी नावं सापडतात तितकी कशातच नाहीत. ‘जीपीडब्ल्यू’ हे फोर्डने महायुद्धात बनवलेल्या जीपचं नाव : जी म्हणजे सरकारी, पी हा ८० इंची व्हीलबेसचा (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा) फोर्डचा संकेत, डब्ल्यू म्हणजे आराखडा विलिसचा. विलिसची ती एमबी. दोन्ही बाहेरून जुळ्या बहिणी. ओळखायचं तर रेडिएटरखाली वाकून पुढचा आडवा क्रॉस मेंबर पहा. गोल नळी असेल तर एमबीची चेसिस, उलट्या यू आकाराचा पत्रा असेल तर जीपीडब्ल्यूची. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावरही वळणदार ‘एफ’ उठवला होता, पण बोल्टावर विसंबू नका. डिस्पोजलमध्ये ढिगाने आलेल्या जीपांचे भाग इतक्या वेळा एकमेकींत गेलेत की एमबीच्या अंगावर फोर्डचे बोल्ट मुबलक सापडतात. जाळीच्या खाचा मोजा : युद्धातल्या जीपला नऊ, नागरी सीजे-२ए ला सात. सात खाचांची जीप आणि मालकाचं नाव ‘एमबी४४’ असेल, तर जाळी बदललेली आहे किंवा माणूस बदलायला हवा. ‘स्लॅट ग्रिल’ हे नाव त्याहून जपून घ्या. सपाट लोखंडी पट्ट्या जोडून केलेली ती जाळी फक्त सुरुवातीच्या पंचवीसेक हजार एमबींना होती.

जीपवाल्यांचं आणखी एक आवडतं नाव ‘ऑलिव्ह ड्रॅब’. नाव जरूर घ्या, रंग मात्र लावू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलाय.

आता रस्त्याने दिलेली नावं. माझ्या मते खरा रस यांच्यात आहे, कारण ती कारखान्याने ठेवली नाहीत की मालकाने. १९५० च्या दशकातली फियाट ११००-१०३, जिला इटालियन आकड्यावरून मिलेसेंटो म्हणतात, ती मुंबईत ‘डुक्कर फियाट’ झाली. का, हे तिच्या थोबाडाकडे पाहिल्यावर विचारावं लागत नाही. गोल पाठ, फुगीर नाक, जमिनीजवळचं पोट, आणि पुढचे दरवाजे उलटे, मागच्या बाजूला बिजागरी असलेले. ‘डुक्कर’ नाव घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की ते याच गाडीचं आहे. डिलाइट आणि पद्मिनीला डुक्कर म्हणत नाहीत. त्या कोनदार, शेपटीला पंख असलेल्या गाड्या. आणि परदेशातल्या मित्राने त्या शब्दाचं भाषांतर करून पाहिलं, तर हा माणूस स्वतःला असं का म्हणवतो, हे त्याला समजावत बसावं लागेल. मराठी कानाला मात्र त्यात नुसता लाड ऐकू येतो.

बीटल जिथे जिथे गेली तिथे तिला असंच घरचं नाव मिळालं : जर्मनीत केफर, ब्राझीलमध्ये फुस्का, मेक्सिकोत व्होचो, इटलीत माज्योलिनो, इंडोनेशियात कोडोक म्हणजे बेडूक. जुन्या गाडीवाले यातलं नाव घेतात तेव्हा गाडी कुठे बनली हेही सांगत असतात. ब्राझीलमध्ये बनलेल्या गाडीला ‘फुस्का’ शोभतं. जर्मनीतल्या वुल्फ्सबर्गहून आलेल्या ओव्हलला नाही. ‘ओव्हल’ म्हणजे मागची काच अंडाकृती असलेली, मार्च १९५३ ते जुलै १९५७. त्याआधी काच मधे दुभंगलेली, ती ‘स्प्लिट’. या दोन शब्दांपुढे लावलेलं साल पाच सेकंदांत तपासलं जातं, म्हणून ‘ओव्हल५२’ घेऊ नका.

‘पॅगोडा’ हे नाव मर्सिडीजच्या १९६३ मध्ये आलेल्या २३० एसएल आणि तिच्या बहिणींचं, हार्डटॉपचं छत मधे खोलगट म्हणून. छत काढून विकून टाकलेल्या गाडीचा मालकही पॅगोडाच म्हणवतो. तेवढं चालतं.

‘पद्मिनी’ची अडचण निराळी. ‘पद्मिनी७८’ नाव घेतलेल्या दाढीवाल्या गृहस्थांना "ताई, तुमच्या गाडीचा रंग फार छान" असे निरोप आयुष्यभर येत राहतात. सवय होते म्हणतात. ‘काळी-पिवळी’ला तो त्रास नाही, पण तिचा अर्थ टॅक्सी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. खाजगी पद्मिनीवाल्याने ते नाव घ्यावं का? प्रेमापोटी घेतात, पण खऱ्या टॅक्सीवाल्यांच्या घरातली मुलं आता या छंदात येतायत, त्यांच्यासाठी ते नाव मोकळं सोडावं असं मला वाटतं.

यंत्राच्या आतून आलेली नावं थोडी, पण चवदार. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, हा तर गुप्त सांकेतिक शब्दच. १-३-४-२ ही फियाटचीही, ॲम्बॅसडरचीही आणि विलिसचीही, त्यामुळे ‘१३४२’ नाव कुठल्याही गाडीला पुरतं आणि गाडी विकली तरी टिकतं. बीटलची मात्र १-४-३-२, तिथे हे नाव चालायचं नाही. सहा सिलिंडरवाल्यांची १५३६२४, शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ची १८४३६५७२. शेवटचा आकडा ज्याला तोंडपाठ आहे त्याला डिस्ट्रिब्युटरच्या वायरी उलटसुलट लावायची भीती नाही.

अमेरिकेतून उचललेलं ‘थ्री ऑन द ट्री’ हे नाव मात्र आपल्या लोकांनी सोडावं. ते स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर असलेल्या शेव्हर्ले-फोर्डांसाठी आहे. पद्मिनीचा आणि ॲम्बॅसडरचा हँड गिअर चार गिअरांचा. विलिसला तीनच गिअर आहेत, पण बहुतेक जीपांत ते फ्लोअरवर. नाव कानाला गोड लागलं म्हणून गिअरबॉक्स बदलत नाही.

ब्रिटिश गाड्यांवाले ‘पॉझिटिव्ह अर्थ’ असं नाव घेतात, त्या काळी बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडत म्हणून. एमजी कंपनीच्या एमजीबीला ही पद्धत १९६७ पर्यंत होती. १९७० ची एमजीबी आणि नाव ‘पॉझिटिव्ह अर्थ’ असेल, तर वायरिंगला मदत करायला येणारा उलटी बॅटरी जोडेल आणि अल्टरनेटरचे डायोड एका ठिणगीत जातील. गंमतीच्या नावाची ही खरी किंमत.

‘व्हिंटेज’ शब्दावरून भांडण कायमचं. ब्रिटिश हिशेबाने व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी, त्यापुढची काहीही असो, व्हिंटेज नव्हे. आपल्याकडे २०२१ च्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरची पाच हजार. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे. म्हणजे १९७२ ची स्टँडर्ड गॅझेल आरटीओच्या लेखी व्हिंटेज आणि इंग्रज म्हाताऱ्यांच्या लेखी पोरगी. भारतीय मंडळींत वावरणार असाल तर व्हिंटेज बेलाशक लावा. पण त्या नियमात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, त्यामुळे मॅटाडोरचं इंजिन घातलेल्यांनी ‘क्लासिक’वर समाधान मानावं. क्लासिकची एकच एक व्याख्या नसल्यामुळे तिथे कुणी कान पकडत नाही.

काय नको, हे थोडक्यात. गाडीचा नंबर नावात नको. १९८९ च्या आधीच्या तीन अक्षरी मालिकेतला नंबर कितीही देखणा असला, ‘बीएम’ने सुरू होत असला, तरी नको. नंबरावरून वाहनाचे तपशील काढणं आता फोनवर होतं. पूर्ण चेसिस नंबर तर कुठेच नको. कागदांची नक्कल करणाऱ्याला तो आयता मिळतो. गल्लीचं, वाड्याचं, सोसायटीचं नावही नको. या गाड्यांना इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) नसतो, इग्निशनच्या मागच्या दोन वायरी जोडल्या की गाडी सुरू होते. जीपला तर दरवाजेही नसतात. शहराचं नाव पुरेसं आहे, जिल्ह्याचं त्याहून बरं.

गाडी विकल्यावर काय, हाही विचार आधीच करा. एकाच गाडीचं साल आणि रंग गुंफलेलं नाव, म्हणजे ‘निळीहेरल्ड६५’ छाप, गाडीबरोबर म्हातारं होतं. रंगाचं तर आणखी अवघड. पुन्हा रंगवताना निळी राखाडी झाली की नाव आणि फोटो एकमेकांकडे पाहत बसतात. ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’वाल्यांना एक सवलत आहे : त्या रंगाची एकच ठरलेली छटा कधी नव्हतीच.

राहिलं लिहिणं. इन्स्टाग्रामवर तीस अक्षरं मिळतात, एक्सवर पंधराच. एक्सवर फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. इन्स्टाग्रामवर जोडीला टिंब. आडवी रेघ आणि तिरकी रेघ दोन्हीकडे नाही. त्यामुळे सीजे-३बी चं सीजे३बी होतं, ते ठीक, पण ११००-१०३ ची रेघ काढली की ११००१०३ उरतं आणि ते कुणाचा तरी जुना फोन नंबर वाटतो. तिथे अंडरस्कोर हवाच, पण एकच. रोमन लिपीत शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ शेजारी आले की नाव शोधणाऱ्याची दमछाक होते. मराठी शब्द घेणार असाल तर घरातल्या तिघांना तोंडी सांगून तो रोमनमध्ये लिहायला लावा. डुक्करला एक ‘के’ की दोन, पिवळीत ‘व्ही’ नंतर ‘ए’ आहे की नाही, यावर तिघांची तीन उत्तरं आली तर नाव बाद. ‘ळ’ असलेली नावं तर रोमनमध्ये हमखास ‘ल’ होतात आणि काळी-पिवळीची काली-पिवली होते.

लँड रोव्हरवाल्यांसाठी एक खास सूचना. ‘८८’ हा तुमच्या गाडीच्या व्हीलबेसचा, इंचांतला आकडा, दुसरा १०९. पण युरोपात, जर्मनीत विशेषतः, नावाच्या शेवटी नुसता ८८ हिटलरच्या भक्तांची खूण म्हणून वाचला जातो. ‘सीरीज’ किंवा ‘एसडब्ल्यूबी’ (शॉर्ट व्हीलबेस) जोडून टाका, म्हणजे व्हीलबेस कळतो आणि कुणी दचकत नाही.

चेसिस नंबरवरून आपलं नाव घ्यायची हौस असलेल्या, एमजीची टीसी ही गाडी बाळगणाऱ्यांत ‘टीसी००१’ फार लोकप्रिय असतं. पहिली टीसी आपलीच, अशा थाटात. ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर २५१ होता, म्हणून एमजीने टीसीचे चेसिस नंबर एकपासून नाही, ०२५१ पासून सुरू केले. ००१ नंबरची टीसी कधी बनलीच नाही.